जहाजावरची खोली: आधी जागा पाहावी, मग प्रकार

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फेब्रुवारीत सिंगापूरहून निघून पिनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणारी चार रात्रींची क्रूझ सफर आपण ठरवत आहात. बरोबर ७३ वर्षांचे वडील आहेत, त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. ६८ वर्षांच्या आईंना लहानपणी मुंबईहून मालवणला जाताना हमखास बोट लागायची आणि ती धास्ती अजून गेलेली नाही. शिवाय पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. एजंटाने आतली, खिडकीची आणि बाल्कनीची अशा तीन प्रकारच्या खोल्यांचे दर दिले आहेत आणि ‘गॅरंटी’ नावाचा एक स्वस्त दरही दाखवला आहे. कोणती खोली घ्यावी आणि निघण्यापूर्वी काय तयारी करावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी सहा वर्षे प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंग विभागात खोल्या सांभाळल्या आणि त्यानंतर गेली सतरा वर्षे पुण्यात राहून कुटुंबांच्या समुद्रसफरी आखून देण्याचे काम करतो. या दोन्ही अनुभवांवरून मला आपल्या प्रश्नाचा क्रम आधी बदलावासा वाटतो. खोली आतली घ्यावी की बाल्कनीची, हा प्रश्न दुसरा आहे. खोली जहाजाच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, तिच्या डोक्यावर काय आहे आणि तिच्या पायाखाली काय आहे, हा पहिला. वाईट जागी असलेली महागडी बाल्कनी आणि चांगल्या जागी असलेली साधी आतली खोली यांतून निवड करायची झाली, तर मी वडीलधाऱ्यांसाठी डोळे मिटून दुसरी निवडेन.

जागेचे महत्त्व समजण्यासाठी जहाज कसे हलते ते पाहिले पाहिजे. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेवर चढते आणि उतरते, तेव्हा मागचे टोक उलट्या दिशेने खाली-वर होते. ही एक हालचाल. दुसरी म्हणजे डावी-उजवीकडे कलणे. पहिल्या हालचालीचा त्रास दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यभागी सर्वांत कमी होतो. एस.टी.त मागच्या चाकापलीकडच्या बाकावर बसणाऱ्याला जे उसळे बसतात, ते मधल्या बाकावर बसणाऱ्याला बसत नाहीत, तसेच हे आहे. दुसऱ्या हालचालीत उंचीचा संबंध येतो. वाऱ्यात माडाचा शेंडा जेवढा झुलतो तेवढे त्याचे खोड झुलत नाही, तसेच वरच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, जेवढे कलणे जाणवते तेवढे खालच्या डेकवर जाणवत नाही. आधुनिक जहाजांच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखासारखी पाती असतात, ती कलणे बरेच कमी करतात. पण टोकांच्या चढ-उतारावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही आणि जहाज थांबलेले असताना तर ती जवळजवळ निरुपयोगी असतात. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी जुना नियम आजही तसाच लागू आहे: मध्यभाग आणि शक्य तितका खालचा डेक. विरोधाभास असा, की उंचावरच्या खोल्या सहसा महाग असतात. त्यामुळे आईंची सोय पाहताना आपले पैसेही वाचू शकतात.

आपण निवडलेला मार्ग आणि महिना दोन्ही आईंच्या दृष्टीने चांगले आहेत. सिंगापूर ते पिनांग हा प्रवास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून होतो; एका बाजूला मलेशियाची भूमी आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा असल्यामुळे तिथे मोठ्या लाटा उठायला मोकळी जागाच मिळत नाही. पिनांग सोडून उत्तरेला फुकेतकडे जाताना अंदमानचा समुद्र उघडा होतो, पण फेब्रुवारीत तोही सहसा शांत असतो. तिथला खवळण्याचा काळ आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मुंबईहून लक्षद्वीप किंवा गोव्याची सफर करण्याचा विचार पुढे कधी झाला, तर नोव्हेंबर ते मार्च हाच काळ धरावा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या वाटेला ज्येष्ठांना घेऊन जाऊ नये.

आता डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते. प्रत्येक क्रूझ कंपनी आपल्या जहाजाच्या सर्व डेकचे नकाशे उपलब्ध करून देते. मी हे काम अजून कागदावरच करतो. खोलीचा डेक, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा असे तीन नकाशे एकाच मापात छापून घ्यावेत, एकावर एक ठेवावेत आणि दिवसा खिडकीच्या काचेला धरावेत. जिने आणि लिफ्ट सगळ्या डेकवर एकाच जागी असतात, त्यामुळे त्यांच्या खुणा जुळवल्या की तिन्ही कागद आपोआप नीट बसतात. मग आपल्याला सुचवलेल्या खोलीच्या चौकोनावर बोट ठेवून पाहावे की त्याच्या मागून काय दिसते. वर खोली आणि खालीही खोलीच दिसली तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव, बुफे, व्यायामशाळा किंवा धावण्याची वाट असेल, अथवा खाली नाट्यगृह, डिस्को किंवा बार असेल, तर ती खोली नको म्हणावे. नकाशावर काहीही न लिहिलेला पांढरा भाग दिसला, तर तोही संशयास्पद समजावा. तिथे बहुधा स्वयंपाकघर, सामानाची कोठी किंवा कर्मचाऱ्यांच्या कामाची जागा असते आणि लोखंडी चाकांच्या ढकलगाड्या तिथून पहाटेपासून ये-जा करतात.

हे मी ठासून सांगतो, कारण एकदा माझी चूक दुसऱ्या कुणाला भोगावी लागली आहे. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सांगलीच्या एका जोडप्याला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी मी ‘गॅरंटी’ दरात बाल्कनीची खोली घेऊन दिली. गॅरंटी म्हणजे खोलीचा प्रकार पक्का असतो, पण क्रमांक कंपनी आपल्या सोयीने ठरवते आणि तो कधीकधी निघण्याच्या दोन-चार दिवस आधी कळतो. त्यांच्या वाट्याला तलावाच्या बरोबर खालची खोली आली. तलावाभोवती शेकडो आरामखुर्च्या असतात. रोज पहाटे पाचच्या सुमाराला कर्मचारी त्या बाजूला ओढतात, डेक पाण्याने धुतात आणि खुर्च्या पुन्हा ओढून रांगेत लावतात. लाकडी फळ्यांवरून ओढल्या जाणाऱ्या खुर्चीचा आवाज खालच्या खोलीत नुसता ऐकू येत नाही, तो छतातून उतरतो. हे काम मी स्वतः जहाजावर असताना रोज पाहिलेले होते आणि तरीही खोली घेताना त्याचा विचार केला नव्हता. सहा रात्री ते दोघे पहाटेच उठून बसले. त्या दिवसापासून ज्येष्ठांसाठी किंवा लहान मुलांसाठी मी गॅरंटीची खोली घेत नाही. आपणही घेऊ नये. दोन तरुण मित्र, ज्यांना खोली फक्त झोपण्यापुरती हवी आहे, त्यांच्यासाठी तो दर योग्य आहे. शिवाय गॅरंटीत आपल्या दोन खोल्या शेजारी येतील याची कुणी हमी देत नाही. एक चौथ्या डेकवर आणि दुसरी दहाव्यावर, असेही होते.

आणखी दोन जागा टाळाव्यात. अगदी खालच्या डेकवर, अगदी पुढे असलेल्या खोल्यांजवळ नांगराची साखळी आणि जहाज धक्क्याला लावताना वापरले जाणारे आडवे पंखे असतात. जहाज पहाटे बंदरात शिरते तेव्हा तिथे पलंगही थरथरतो. दुसरी जागा म्हणजे लिफ्टच्या थेट समोरची खोली. लिफ्टजवळ असणे वडिलांच्या गुडघ्यासाठी आवश्यक आहे, पण समोर नको. वळण घेऊन चार-सहा दारे सोडून असलेली खोली धरावी. या मार्गावर चालणारी मोठी जहाजे तीनशे मीटरहून लांब असतात. खोली एका टोकाला आणि जेवणाचे दालन दुसऱ्या टोकाला, असे झाले तर दिवसातून तीन वेळा जेवायला जाण्यातच वडिलांचे एक-दीड किलोमीटर चालणे होईल.

आता प्रकाराकडे येऊ. आतल्या खोलीला खिडकी नसते आणि दिवा मालवला की तिथे डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही इतका अंधार होतो. ज्यांना गाढ झोप हवी त्यांना हे आवडते. पण रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या वृद्ध माणसाला अनोळखी जागी असा अंधार घातक ठरू शकतो, आणि सकाळ झाली की नाही हेही कळत नाही. तशी खोली घ्यावीच लागली तर बॅटरीवर चालणारा, हालचाल झाली की लागणारा छोटा दिवा बरोबर न्यावा. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर नाळेवरच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसते. आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवले, तर मंद उजेडही राहतो आणि पहाट झालेली कळते. खिडकीच्या खोलीत काच उघडत नाही, पण क्षितिज दिसते, आणि ज्यांना बोट लागते त्यांना स्थिर क्षितिज दिसणे हा मोठा आधार असतो. बाल्कनीत क्षितिजाबरोबर मोकळी हवाही मिळते. आई-वडील जहाजावरच्या गर्दीत दिवसभर राहणार नाहीत. दुपारच्या चहाला त्यांना स्वतःची अशी एक जागा लागेल. म्हणून बाल्कनीवर खर्च करायचा असेल तर तो त्यांच्या खोलीवर करावा.

बाल्कनी घेताना ‘अडथळ्याचे दृश्य’ असा शेरा आहे का, ते पाहावे. समोर नारिंगी रंगाची जीवरक्षक होडी टांगलेली असेल तर दर कमी असतो, पण समुद्राऐवजी त्या होडीचे छप्परच दिसते. कधी अडथळा फक्त खालच्या बाजूला असतो आणि क्षितिज पूर्ण दिसते, तेव्हा तो सौदा चांगला असतो. म्हणून एजंटाकडे त्याच क्रमांकाच्या खोलीतून काढलेले छायाचित्र मागावे. काही मोठ्या जहाजांवर बाल्कनी समुद्राकडे न उघडता जहाजाच्या आतल्या चौकाकडे उघडते. आईंसाठी तिचा काहीच उपयोग नाही.

आपल्या सहा जणांची विभागणी मी अशी करेन. मध्यभागी, बाल्कनीच्या खोल्या जिथून सुरू होतात त्या सर्वांत खालच्या डेकवर एक बाल्कनीची खोली आई, वडील आणि नात यांच्यासाठी. तिच्या अगदी समोर, त्याच बोळाच्या पलीकडे, आतली खोली आपल्या दोघांसाठी आणि धाकट्यासाठी. एकाच खोलीत चार माणसे घालण्याचा मोह आवरावा. साधी खोली न्हाणीघरासह साधारण १५० ते १८० चौरस फुटांची, म्हणजे आपल्याकडच्या लहान वन बीएचकेच्या हॉलएवढी असते, आणि तिसरी-चौथी शय्या छतातून खाली उतरते किंवा सोफ्याची होते. वरच्या शय्येवर दहा वर्षांची मुलगी आनंदाने झोपेल, पण चार वर्षांच्या मुलाला तिथे झोपवू नये. म्हणून आपल्या खोलीत तिसरी शय्या सोफ्याचीच हवी, हे आरक्षण करतानाच सांगावे. समोरासमोरच्या या रचनेचा आणखी एक फायदा असा, की धाकटा बाल्कनीच्या खोलीत झोपणार नाही. बाल्कनीच्या दाराची कडी उंचावर असली, तरी बाल्कनीत ठेवलेली खुर्ची कठड्याजवळ सरकवायला मुलाला एक मिनिट लागत नाही. तो त्या खोलीत असेल तेव्हा बाहेरच्या खुर्च्या आत घ्याव्यात आणि दार कडीत ठेवावे.

तीन माणसांच्या खोल्या लवकर संपतात आणि त्याचे कारण पुष्कळांना माहीत नसते. खोलीत शय्या रिकामी असली तरी त्या भागातील प्रवाशांना नेमून दिलेल्या जीवरक्षक होड्यांची मोजणी पूर्ण झाली, की कंपनीला तिथे आणखी माणूस घेता येत नाही. त्यामुळे पाच-सहा महिने आधी आरक्षण करणे कुटुंबांच्या बाबतीत खरोखर उपयोगाचे असते.

वडिलांच्या गुडघ्यासंबंधी एक बारीक गोष्ट आहे, जी माहितीपत्रकात कधी छापत नाहीत. जहाजावरच्या न्हाणीघराला उंबरा असतो. पाणी खोलीत येऊ नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो आणि बऱ्याच जहाजांवर तो चांगलाच उंच असतो. बाल्कनीच्या दारालाही तसाच उंबरा असतो. सहा वर्षांत मी खोल्यांमध्ये जेवढी माणसे पडलेली पाहिली, त्यांतली बहुतेक समुद्र शांत असताना, रात्री, याच उंबऱ्याला ठेचकाळून पडली होती. वडील सहज पाय उचलू शकत असतील, तर पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची एक रेघ ओढावी; सफर संपल्यावर ती काढता येते. त्यांना पाय उचलणे अवघड असेल, तर उंबरा नसलेली, आधाराच्या दांड्या आणि बसून अंघोळ करण्याची सोय असलेली दिव्यांगांसाठीची खोली मागावी. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर थोड्याच असतात आणि त्यासाठी प्रकृतीविषयीचा अर्ज भरून द्यावा लागतो. चाकाची खुर्ची न्यायची असल्यास तर दुसरा पर्यायच नाही, कारण साध्या खोलीचे दार बऱ्याच जहाजांवर सुमारे ५८ सेंटीमीटर रुंद असते आणि नेहमीची चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. शौचालयात सहसा पाण्याचा फवारा नसतो, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे आणि प्लास्टिकचा एक हलका मग सामानात टाकावा. शौचालय हवेच्या दाबावर चालते. ओले टिश्यू (वेट वाइप्स) किंवा डायपर त्यात टाकले, तर एकाच नव्हे तर शेजारच्या दहा खोल्यांची सोय बंद पडू शकते.

पैशांबद्दल थोडक्यात. दर विचारताना बंदर शुल्क आणि कर्मचाऱ्यांसाठीची रोजची सेवा-रक्कम धरली आहे का, हे लेखी घ्यावे. ही सेवा-रक्कम मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० अमेरिकी डॉलर असते आणि ती मुलांनाही लागते. इंटरनेट, शीतपेये, खास उपाहारगृहे आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या असतात. जहाजाने किनारा सोडला, की फोन विमान-मोडवर टाकावा, नाहीतर तो समुद्रावरच्या उपग्रह-जाळ्याला जोडला जातो आणि त्याचे बिल घरी आल्यावर कळते.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे, याची खात्री करावी, कारण चार रात्रींनी जहाज परत येते तेव्हा तो सिंगापुरात नव्याने केलेला प्रवेश धरला जातो आणि सिंगापूरचे आगमनपत्रही आधीच्या तीन दिवसांत पुन्हा ऑनलाइन भरावे लागते. मलेशिया आणि थायलंडचे नियम बदलत असतात; भारतीय पासपोर्टसाठी त्या तारखेला काय लागेल, ते कंपनीकडून ई-मेलवर घ्यावे. प्रवासविमा घेताना त्यात जहाजावरचे उपचार आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे का, आणि आई-वडिलांचे आधीपासूनचे आजार त्यात येतात का, हे पाहावे. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचे शुल्क डॉलरमध्ये आणि जागच्या जागी भरावे लागते.

सिंगापूरला एक दिवस आधी पोहोचावे. मुंबईहून रात्रीच्या विमानाने निघून सकाळी उतरायचे आणि दुपारी जहाजावर चढायचे, हा हिशेब कागदावर नीट बसतो; पण विमानाला चार तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च हा या सफरीचाच भाग समजावा. आई-वडिलांची झोपही पूर्ण होईल.

सामानाच्या बाबतीत आपल्या लोकांची जी अडचण होते, ती नेहमी एकाच प्रकारची असते. विजेची किटली, पाणी तापवायची कॉइल, छोटा राइस कुकर, इस्त्री, अगरबत्ती, समई, तुपाचे निरांजन. टर्मिनलवर क्ष-किरण यंत्राच्या पलीकडे एक लांब टेबल असते आणि भारतीय प्रवासी असलेल्या सफरीत त्यावर किटल्यांची रांगच लागलेली मी पाहिली आहे. प्रत्येकीला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी, परतीच्या दिवशी ताब्यात मिळणार. हा नियम उगाच केलेला नाही. समुद्रावर जहाजाला बुडण्यापेक्षा आगीचे भय जास्त असते, कारण अग्निशमन दल येणार नसते आणि बाहेर पळायला जागा नसते. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारी सोय, असलेली एक्स्टेंशनची वायरही याच कारणाने चालत नाही. जहाजाची वीजव्यवस्था घरातल्यासारखी जमिनीशी जोडलेली नसते आणि अशा व्यवस्थेत ते उपकरण तापून पेटू शकते. त्याऐवजी अनेक यूएसबी खाचा असलेला साधा चार्जर आणि युरोपीय व अमेरिकी पद्धतीच्या खाचांना चालेल असा अडॅप्टर न्यावा. आईंना खोलीत गरम पाणी लागत असेल तर चांगल्या प्रतीचा थर्मास न्यावा. बुफेत गरम पाणी बहुतेक वेळ मिळते आणि खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नम्रपणे सांगितले तर तोही भरून आणतो. खाण्याचे म्हणाल तर दुकानातला सीलबंद, कोरडा खाऊ सहसा चालतो. घरी केलेल्या, नासणाऱ्या पदार्थांना हरकत घेतली जाऊ शकते. खोलीच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी पत्र्याच्या असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार-पाच हूक न्यावेत. टोप्या, पिशव्या आणि ओले कपडे टांगायला त्यांच्याइतकी उपयोगी वस्तू नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या की खोली दुप्पट मोठी वाटते.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर हमाल घेतात आणि त्या खोलीत पोहोचायला कधी संध्याकाळ होते. म्हणून आई-वडिलांची सर्व औषधे, पासपोर्ट, चष्मे, मुलांचा पोहण्याचा पोशाख आणि एकेक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत असावा. औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त घ्यावीत, मूळ वेष्टनात ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी.

बोट लागण्यावरचे औषध ती लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. ते आधी घ्यायचे असते. आईंना कोणती गोळी चालेल, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारावे, कारण यांतील बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते आणि काचबिंदू, लघवीची अडचण किंवा इतर औषधे चालू असताना त्या बाधू शकतात. शक्य असल्यास घरीच एखाद्या रात्री एक गोळी घेऊन पाहावी. आलेपाकाच्या वड्या जरूर न्याव्यात. आल्याने मळमळ कमी होते, हा आपला घरगुती अनुभव वैद्यकशास्त्रालाही बऱ्याच अंशी मान्य आहे. पोट रिकामे ठेवू नये. कोकणबोटीच्या काळातले लोक भीतीने उपाशी बसत आणि त्यानेच त्रास वाढे. थोडे कोरडे खावे, मधल्या भागात खालच्या डेकवर यावे, दूर क्षितिजाकडे पाहावे आणि फोनवर वाचत बसू नये. आईंना हेही जरूर सांगावे की त्या ज्या आगबोटीतून मालवणला गेल्या तिच्या आणि या जहाजाच्या आकारात, वजनात आणि स्थिरतेत काहीच साम्य नाही.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिले काम बुफेचे नाही, सुरक्षा-सरावाचे आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला घासून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे सक्तीचे झाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा मुलीला पाठ करायला सांगावा. आपल्या सहाही जणांचे जमण्याचे ठिकाण एकच आहे ना, हे त्याच वेळी पाहावे आणि वेगळे असेल तर तिथेच बदलून मागावे. तिथपर्यंत वडिलांना घेऊन एकदा जिन्याने चालत जावे, कारण धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. मदतीची गरज असलेल्या प्रवाशांची नोंद स्वागतकक्षात ठेवतात. वडिलांचे नाव तिथे निःसंकोच द्यावे.

शाकाहारी किंवा जैन जेवण आरक्षणाच्या वेळी नोंदवावे आणि पहिल्या रात्री जेवणाच्या दालनातील मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. त्यानंतर तो पुढच्या दिवसाच्या पदार्थांची यादी आदल्या रात्रीच समोर ठेवतो. हात साबण आणि पाण्याने धुण्याची शिस्त मुलांना लावावी. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर सॅनिटायझर पुरेसा प्रभावी नाही. मुलांच्या खेळघरात बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून प्रवेश असतो, पण मुलाची डायपरची सवय सुटलेली असावी लागते, आणि तलावातही डायपर चालत नाही.

शेवटी फुकेतविषयी. पिनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागते आणि आपण चालत उतरता. फुकेतला मात्र मोठी जहाजे बहुधा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. मालवणला, देवगडला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागायची, तोच हा प्रकार आहे. आईंना ते आठवेल. जहाज उभे असताना ते थोडे डोलते आणि होडी वेगळ्या लयीत वर-खाली होते, त्यामुळे मधली फट क्षणाक्षणाला कमी-जास्त होत राहते. दोन खलाशी दोन्ही हात धरतात, पण पाऊल आपले आपण टाकावे लागते. वडिलांना सकाळी गँगवेच्या, म्हणजे जहाजातून उतरण्याच्या वाटेच्या, दाराशी नेऊन पाच-दहा माणसे उतरताना पाहू द्यावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. ते उतरायला तयार असतील तर समुद्र त्यातल्या त्यात शांत असताना, सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एकीने जावे आणि परतीची शेवटची होडी कधीही धरू नये. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. फुकेतची स्थानिक वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे आणि याच एका तासाने दरवर्षी कुणाची तरी धावपळ होते. ते नको म्हणाले तर मुळीच आग्रह करू नये. माणसे उतरून गेली की जहाज निम्म्याहून अधिक रिकामे होते, तलावाकाठच्या सावलीतल्या खुर्च्या मोकळ्या मिळतात, बुफेत रांग नसते, आणि आई-वडिलांना बाल्कनीत बसून समोर पातोंगचा हिरवा डोंगर दिवसभर निवांत पाहता येतो. त्या दिवशी बाल्कनी किनाऱ्याच्या बाजूला येईल की समुद्राच्या, हे मात्र जहाज नांगरावर कसे वळते त्यावर असते. ते आधी ठरवता येत नाही.